खाल्ल्या मिठाचा हिशेब

राजधानीतील आम्हां मराठी सरकारी नोकरांच्या बैठकींत एक मत वारंवार ऐकू येते. ते इतक्या ठामपणे मांडले जाते की, त्यास विरोध करणारा मनुष्य एक तर देशाचा वैरी असावा, किंवा निदान व्यवहारशून्य तरी असावा, असे नवख्यास वाटू लागते. मत असे की, ज्याचे वेतन सार्वजनिक तिजोरीतून निघते त्याने त्या तिजोरीच्या धन्याविरुद्ध तोंड उघडू नये. आणि उघडावयाचेच असेल तर आधी राजीनाम्याचा कागद पुढे ठेवावा. खाल्ल्या मिठाला जागावे, हे त्यावरचे ठरलेले पालुपद. गणेशोत्सवातले व्याख्यान आटोपल्यावर चहाच्या पेल्यांभोवती, किंवा दिवाळी अंकांच्या देवघेवीच्या निमित्ताने, परदेशातल्या कुणा प्राध्यापकाची गोष्ट निघाली की हे पालुपद हटकून निघते. २०२३ नंतर अमेरिकेतील विद्यापीठांत त्या देशाच्या परराष्ट्रधोरणावरून पुन्हा वादळे उठली, आणि अनेक अध्यापकांच्या नोकरीचा प्रश्न त्यांत ओढला गेला. त्यामुळे तर या मताला नवे बाळसे चढले आहे. आम्हांस हे मत चुकीचे वाटते. ते चुकीचे आहे असे म्हणण्याचा अधिकार आम्हां कारकुनांस इतरांहून थोडा अधिकच आहे, असेही आमचे म्हणणे आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

ताज्या प्रकरणांवर बोलण्यात एक अडचण असते. त्यांतील माणसे अजून आपल्या प्रेमाची अथवा द्वेषाची असतात, आणि युक्तिवाद ऐकण्यापूर्वीच वाचकाने आपला पाट मांडलेला असतो. म्हणून ज्याच्यावर आता सहा दशकांची धूळ बसली आहे, ज्याची सुरुवात, मध्य आणि शेवट असे तिन्ही आपणांस दिसू शकतात, असे एक प्रकरण आम्ही निवडतो.

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात रटगर्स नावाचे विद्यापीठ आहे. ते त्या राज्याचे सरकारी विद्यापीठ. तेथे यूजीन जेनोवीझ नावाचे इतिहासाचे एक तरुण अध्यापक होते. १९३० सालचा जन्म. पंधराव्या वर्षी कम्युनिस्ट पक्षात शिरलेले, आणि विसाव्या वर्षी पक्षशिस्त न पाळल्याबद्दल त्या पक्षातून काढून टाकलेले. अमेरिकेच्या दक्षिण भागातील गुलामगिरी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९६५ च्या मार्च महिन्यात उत्तर व्हिएतनामवर अमेरिकेची नियमित बाँबफेक सुरू झाली आणि मरीन सैनिकांच्या पलटणी दा नांगच्या किनाऱ्यावर उतरल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस मिशिगन विद्यापीठातील अध्यापकांनी रात्रभर जागून युद्धाविषयी व्याख्याने व चर्चा करण्याची एक नवी रीत काढली, आणि बघता बघता ती देशभर पसरली. एप्रिलमध्ये अशी एक रात्र रटगर्सलाही झाली. २३ एप्रिलच्या सकाळी जेनोवीझ बोलावयास उभे राहिले. आपण मार्क्सवादी व समाजवादी आहोत हे प्रथम सांगून ते म्हणाले की, व्हिएतकाँगचा विजय जवळ येत असल्याचे आपणांस भय नाही, खेदही नाही. आपण त्याचे स्वागतच करतो.

वाक्य एवढेच. पण ज्यांची मुले त्या विजयाच्या आड उभी राहण्यासाठी बोटींत चढत होती, त्या आईबापांच्या कानी ते कसे पडले असेल याची कल्पना करणे अवघड नाही.

त्या वर्षी न्यू जर्सीत गव्हर्नरपदाची निवडणूक होती. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार वेन ड्यूमाँट यांना हे वाक्य म्हणजे चालून आलेली लक्ष्मीच वाटली. जनतेच्या करांतून पगार घेणाऱ्या माणसाने जनतेच्या मुलांना मारणाऱ्यांचा जय चिंतावा, हे कोणते अध्यापन-स्वातंत्र्य, असा त्यांचा सवाल होता. आणि आपण निवडून आलो तर या गृहस्थास घालवू, असे त्यांचे आश्वासन होते. रटगर्समधून लालभाईंना हाकला, अशा अर्थाच्या चिठ्ठ्या मोटारींच्या मागे झळकू लागल्या. माजी उपराष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन ड्यूमाँटांच्या मदतीस धावून आले. सभेत बोलून त्यांचे समाधान झाले नाही, म्हणून त्यांनी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रास पत्र लिहून आपला युक्तिवाद सविस्तर मांडला. उलट बाजूस गव्हर्नर रिचर्ड ह्यूज होते. ते युद्धाच्या विरोधात नव्हते, आणि जेनोवीझ यांचे मत त्यांना मुळीच रुचलेले नव्हते. तरीही केवळ मतासाठी अध्यापकास काढणार नाही, या शब्दावर ते टिकून राहिले. विद्यापीठाचे अध्यक्ष मेसन ग्रॉस — आपल्याकडील भाषेत कुलगुरू — हे मूळचे तत्त्वज्ञानाचे अध्यापक. तेही हलले नाहीत. नोव्हेंबरात मते मोजली गेली तेव्हा ह्यूज साडेतीन लाखांहून अधिक मतांनी विजयी झालेले होते.

आमचे मित्र येथे चटकन म्हणतील की, चला, मीठ देणाऱ्यांनीच हिशेब चुकता केला, आता वाद कशाचा? पण आम्ही त्या कौलाचा आधार घेत नाही. ह्यूज पडले असते आणि ड्यूमाँट निवडून आले असते, तरी आमचे म्हणणे तेच राहिले असते. लोकांनी एखाद्या वर्षी सुबुद्धपणे मत दिले म्हणून जे टिकले, ते दुसऱ्या वर्षी लोक रागावले म्हणून जाऊ शकते. अध्यापकाचे बोलणे असल्या दोरीवर लोंबकळत राहणे, हेच मुळात आम्हांस मान्य नाही.

आता आमच्या अधिकाराची गोष्ट. आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीतले कारकून. सकाळी हजेरी लावावी, आलेल्या कागदाची नोंद करावी, जुनी फाईल हुडकून पूर्वाधार काढावा, टिपण लिहावे आणि ते वर पाठवावे. वरून जो शेरा येईल त्याप्रमाणे मसुदा करावा, हा आमचा धर्म. आमच्यावर १९६४ चे वर्तननियम लागू आहेत. त्यांतील नववा नियम सांगतो की, केंद्राच्या वा राज्याच्या चालू किंवा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका ठरेल असे विधान सरकारी नोकराने नभोवाणीवर, छापील मजकुरात किंवा जाहीर भाषणात करू नये; आणि परक्या राष्ट्राच्या सरकारशी असलेले आपल्या सरकारचे संबंध अडचणीत येतील असेही काही बोलू नये. (सहा दशकांपूर्वीच्या न्यू जर्सीवर लिहिल्याने कोणत्याही वकिलातीची झोप उडणार नाही, असा आमचा भरवसा आहे.) या नियमाबद्दल आम्ही येथे रडगाणे गाणार नाही. उलट त्यात आम्हांस थोडा अर्थही दिसतो. आम्ही ज्या कागदावर सही करतो त्यावर राजमुद्रा असते. खिडकीपाशी आलेला नागरिक आमच्या तोंडून जे ऐकतो ते सरकारने सांगितले असेच समजतो, आणि तसे समजणे त्याचा हक्क आहे. आज मंत्री एका पक्षाचा असेल, उद्या दुसऱ्याचा; टिपण लिहिणारा हात मात्र तोच राहतो. त्या हाताला राजकारणाचा वास येऊ नये, ही अपेक्षा गैर नाही.

पण ज्या कारणासाठी आमच्या तोंडावर बोट ठेवले आहे, ते कारण अध्यापकाला लागू पडते काय? जेनोवीझ बोलले ते न्यू जर्सी राज्याचे म्हणणे आहे असे एका तरी शहाण्या माणसास वाटले काय? त्या राज्याला मुळी परराष्ट्रधोरणच नाही! त्यांच्या सहीने कोणाचा परवाना निघत नव्हता, कोणाचा कर ठरत नव्हता, कोणाची अपेल फेटाळली जात नव्हती. ते बोलले ते वर्गात नव्हे, तर जिला जावयाचे असेल त्याने जावे अशा खुल्या सभेत. आणि तेथेही आपण कोण आहोत हे आधी सांगून. ज्याच्या शब्दामागे कचेरीची सत्ता नाही, त्याच्यावर कचेरीचे मौन लादणे म्हणजे गळ्यात घंटा नसलेल्या बैलाला घंटा वाजवू नकोस असे बजावण्यासारखे आहे. तिजोरी एक असली म्हणून चाकरी एक होत नाही. न्यायाधीशाचे वेतनही त्याच तिजोरीतून निघते. पण सरकारविरुद्ध निकाल देणाऱ्या न्यायाधीशाने मिठाला जागले नाही असे म्हणण्यास आमचे मित्रही धजत नाहीत.

न्यायाधीशाचा हा दाखला आमच्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेतील विद्यापीठीय अध्यापकांची जी संघटना १९१५ साली स्थापन झाली, तिने त्याच वर्षाच्या अखेरीस एक जाहीरनामा काढला. विश्वस्त अध्यापकास नेमतात हे खरे, पण त्यामुळे तो त्यांचा नोकर ठरत नाही. शासनाने नेमलेल्या न्यायाधीशाचे शासनाशी जे नाते तेच येथे, असा त्यातला आशय आहे. ज्या समितीने तो तयार केला तिचे प्रमुख होते कोलंबिया विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन, आणि संघटनेचे पहिले अध्यक्ष होते जॉन ड्यूई. मराठी वाचकास ही दोन्ही नावे परकी वाटू नयेत. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर या दोघांचेही विद्यार्थी. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवहारावरील त्यांच्या १९२५ सालच्या ग्रंथास प्रस्तावना आहे ती सेलिग्मन यांचीच. विद्यार्थी भीमराव तेथे होते त्याच काळात त्यांचे गुरू अध्यापकाच्या स्वातंत्र्याची ही सनद लिहीत होते.

आणि त्याच कोलंबियात, आंबेडकर तेथून निघाल्यावर सुमारे सव्वा वर्षाने, त्या सनदेची परीक्षा झाली. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. मानसशास्त्राचे ज्येष्ठ अध्यापक जेम्स मॅकीन कॅटेल यांनी काँग्रेसच्या सभासदांना पत्रे पाठवली की, सक्तीने भरती केलेल्या सैनिकांना त्यांच्या इच्छेविरुद्ध युरोपच्या रणांगणावर पाठवू नये. ऑक्टोबरच्या आरंभी विश्वस्तांनी कॅटेल यांना व आणखी एका अध्यापकास बडतर्फ केले. विद्यापीठाचे अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांनी युद्ध सुरू झाल्यावर उपदेश केला होता की, पूर्वी जे सहन केले ते आता सहन होणार नाही. (याच बटलरांना पुढे १९३१ साली शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पारितोषिके देणाऱ्यांच्या विनोदबुद्धीविषयी आम्हांस नेहमीच आदर वाटत आला आहे.) पण या प्रकरणातले जे नाव लक्षात ठेवावे असे आम्हांस वाटते, ते कॅटेलांचे नाही आणि बटलरांचेही नाही. ते चार्ल्स बिअर्ड यांचे आहे. बिअर्ड हे इतिहास-राज्यशास्त्राचे नामांकित अध्यापक, आणि युद्धाचे उघड समर्थक. कॅटेल यांचे मत त्यांना पूर्णपणे अमान्य. तरीही बडतर्फीनंतर आठवडाभरातच त्यांनी आपला राजीनामा दिला. युद्धाला पाठिंबा देणारे माझे शब्द, विरुद्ध शब्दांना बंदी असलेल्या जागेवरून निघाले तर त्यांना किंमत काय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. आमच्या मित्रांनी या राजीनाम्याकडे नीट पाहावे. ते जो राजीनामा मागतात तो विरोधकाचा. येथे तो समर्थकाने दिला.

आता निक्सन यांचा युक्तिवाद. सामान्य ड्यूमाँटी आरडाओरडीपेक्षा तो वजनदार आहे, म्हणून त्यास उत्तर देणे भाग आहे. शांततेच्या काळात वाटेल ते बोलावे, पण देश लढत असताना शत्रूच्या विजयाचे स्वागत करणारा अध्यापक सरकारी विद्यापीठात नको; दुसऱ्या महायुद्धात कोणी नाझींच्या जयाचे स्वागत केले असते तर आपण काय केले असते, असा तो सवाल. सवाल बिनतोड दिसतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि नेमकी तीच वादाचा विषय होती. व्हिएतनाममधले युद्ध हे हिटलरविरुद्धच्या युद्धासारखे आहे की नाही, हाच तर प्रश्न एप्रिलच्या त्या रात्री विचारला जात होता. उत्तर आधीच ठरवून टाकायचे, आणि मग प्रश्न विचारणाऱ्यास उत्तराशी बेइमान म्हणावयाचे, ही न्यायाची रीत झाली काय?

त्या युद्धाची रीतसर घोषणा अमेरिकन काँग्रेसने कधीच केली नाही. ज्या ठरावाच्या बळावर ते चालले तो टोंकिनच्या आखाताविषयीचा ठराव ७ ऑगस्ट १९६४ रोजी मंजूर झाला; कनिष्ठ सभागृहात ४१६ विरुद्ध शून्य, सेनेटमध्ये ८८ विरुद्ध दोन. ४ ऑगस्टच्या रात्री अमेरिकन युद्धनौकांवर दुसरा हल्ला झाला, असे त्यामागचे कारण सांगण्यात आले होते. तो हल्ला झालाच नव्हता. अमेरिकेच्या गुप्त संदेशवहन खात्यातील इतिहासकाराने हे लिहून ठेवले, आणि ते लोकांसमोर आले २००५ साली! म्हणजे ज्या सेनेटरांनी माना डोलावल्या त्यांना खोटे सांगितले गेले होते, ज्या कचेऱ्यांतून ते कागद गेले त्या कचेऱ्या गप्प होत्या, आणि प्रश्न विचारण्याचे काम उरले होते ते विद्यापीठांतल्या रात्रभर जागणाऱ्या मंडळींवर. विरुद्ध मत देणाऱ्या दोन सेनेटरांपैकी एक वेन मॉर्स. ते राजकारणात येण्यापूर्वी ओरेगन विद्यापीठात कायद्याचे अध्यापक व विभागप्रमुख होते, हा योगायोग आम्हांस बरा वाटतो.

प्रकरणाचा जो भाग आम्हांस सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, तो याहून मागे आहे. १९६५ साली ताठ उभे राहिलेले रटगर्स विद्यापीठ तेरा वर्षांपूर्वी ताठ राहिले नव्हते. १९५२ साली सेनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीपुढे मोझेस फिन्ली आणि सायमन हाइमलिक या तेथील दोन अध्यापकांना बोलावण्यात आले. पूर्वी कम्युनिस्ट होता काय, या धर्तीच्या प्रश्नांना उत्तर देण्याचे त्यांनी घटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा आधार घेऊन नाकारले. विद्यापीठातील अध्यापकांच्या समितीने सर्व बाजू तपासून सांगितले की, यात काही कारवाई करण्याजोगे नाही. विश्वस्तांनी तो अभिप्राय बाजूला सारला, आणि वर्षअखेर दोघांनाही काढून टाकले. फिन्ली इंग्लंडला गेले. केंब्रिजने त्यांना ठेवून घेतले. प्राचीन ग्रीस-रोमच्या सामाजिक व आर्थिक इतिहासाच्या अभ्यासास त्यांनी नवे वळण लावले. १९७० साली ते तेथे प्राचीन इतिहासाचे मुख्य प्राध्यापक झाले आणि १९७९ साली त्यांना सर हा किताब मिळाला. रटगर्सच्या पदरात काय पडले? देशाची सुरक्षितता होमरच्या अभ्यासकापासून वाचली, एवढे समाधान.

हीच गोष्ट अधिक मोठ्या प्रमाणावर वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्यात घडत होती, आणि येथे आम्हां फाईलवाल्यांचे कान टवकारतात. जॉन पॅटन डेव्हिस, जॉन स्टुअर्ट सर्व्हिस, जॉन कार्टर व्हिन्सेंट हे कोणी सभा गाजवणारे प्राध्यापक नव्हते. ते आमच्यासारखे, अर्थात आमच्याहून कितीतरी वरच्या पायरीचे, सरकारी नोकर होते. चीनमध्ये राहून, तेथली भाषा शिकून, चँग कै-शेक यांचे राज्य आतून पोखरले असून कम्युनिस्टांचा जोर वाढत आहे, असे त्यांनी गोपनीय अहवालांत लिहून कळवले. पाहिले ते लिहिले. १९४९ साली त्यांचे म्हणणे खरे ठरले, आणि ते खरे ठरले म्हणूनच जणू त्यांच्यावर गदा आली. चीन कोणी गमावला, असा गिल्ला सेनेटर मॅकार्थी व त्यांचे सोबती करू लागले. सर्व्हिस १९५१ मध्ये गेले (सहा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली), व्हिन्सेंट यांना १९५३ मध्ये निवृत्ती घ्यावी लागली, डेव्हिस यांना १९५४ मध्ये काढले. जॉन्स हॉपकिन्सचे प्राध्यापक ओवेन लॅटिमोर यांच्यावर तर रशियाचा बडा हेर असल्याचा आरोप झाला. खटला उभा राहिला तो शपथेवर खोटे बोलल्याचा, आणि तोही १९५५ साली कोसळला. पण अमेरिकेत त्यांचा पाय पुन्हा रुजला नाही, आणि १९६३ मध्ये ते इंग्लंडातील लीड्सला चिनी विद्येचा विभाग उभारावयास गेले.

पुढे काय झाले ते रॉबर्ट मॅक्नामारा यांच्याच लेखणीतून वाचावे. व्हिएतनामचे युद्ध ज्यांनी संरक्षणमंत्री म्हणून चालवले, त्यांनी १९९५ सालच्या आपल्या आठवणींत नमूद केले आहे की, आग्नेय आशिया जाणणारी माणसे आम्हांस सल्ला द्यावयास उरली नव्हती. आणि ती का उरली नव्हती हे सांगताना त्यांनी वरील तिघांची नावे घेतली आहेत. १९६५ च्या अखेरीस व्हिएतनाममध्ये १,८४,००० अमेरिकन सैनिक होते. युद्ध संपले तेव्हा ५८,००० वर अमेरिकन मेले होते, आणि व्हिएतनामी किती लाख मेले याचे आकडे आजही एकमेकांशी जुळत नाहीत. कचेरीत खरे लिहिणाऱ्यास घालवले, विद्यापीठात विचारणाऱ्यास घालवू म्हणाले. मग राजाला आरसा दाखवावा कोणी? आमचे मित्र म्हणतात, मीठ खाणाऱ्याने गप्प राहावे. डेव्हिस आणि सर्व्हिस मिठाला जागले, म्हणजे धन्याला खरे ते सांगितले. धन्याला गोड मीठ हवे होते, त्याला आमचा इलाज नाही. त्या गिल्ल्यात ज्यांचा आवाज मोठा होता ते निक्सन फेब्रुवारी १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून पेकिंगला गेले आणि माओंशी हस्तांदोलन करून आले. ते योग्यच केले. पण लॅटिमोर तेव्हा जिवंत होते, हेही सांगून ठेवतो.

आतापर्यंत आम्ही एका बाजूच्या मित्रांशी भांडलो. दुसऱ्या बाजूचेही आहेत, आणि त्यांचे प्रेम आम्हांस अधिक भिववते. जेनोवीझ यांचे नाव निघाले की ते टाळ्या वाजवतात, कारण व्हिएतनामच्या बाबतीत जेनोवीझ आपल्या बाजूचे होते असे त्यांना वाटते. विरुद्ध मताचा अध्यापक अडचणीत आला की त्याच मंडळींना पोशाखी कारणे सुचू लागतात: त्याची भाषा वाईट, विद्यार्थी दुखावले, संस्थेचे नाव गेले. या मंडळींनी जेनोवीझ यांचे उरलेले चरित्र वाचावे. १९६७ मध्ये ते आपल्या पायांनी रटगर्स सोडून माँट्रियलला गेले. १९६९ च्या डिसेंबरात अमेरिकन इतिहासकारांच्या संघटनेची वार्षिक सभा वॉशिंग्टनला भरली, तेव्हा संघटनेने संस्था या नात्याने युद्धाचा निषेध करावा असा जहाल गटाचा आग्रह होता. त्याला कडाडून विरोध करणाऱ्यांत पुढे होते ते जेनोवीझच! स्वतः बोलण्याचा हक्क हवा, पण विद्वानांच्या संस्थेस परराष्ट्रधोरण नको, ही त्यांची भूमिका. आम्हांस ती सुसंगत वाटते. विद्यापीठाचे स्वतःचे असे काही मत असले की विद्यापीठातील माणसाचे मत त्याच्या विरुद्ध ठरू शकते. नसले तर ठरणार कशाच्या विरुद्ध?

१९७४ साली त्यांचा गुलामांच्या जीवनावरचा थोर ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यास इतिहासलेखनाचे बॅन्क्रॉफ्ट पारितोषिक मिळाले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९९४ मध्ये, त्यांनी डाव्या विचारांच्याच एका नियतकालिकात लेख लिहून आपल्या जुन्या सोबत्यांना विचारले की, कम्युनिस्ट राजवटींत लक्षावधी माणसे मारली गेली; आपल्याला काय ठाऊक होते, आणि केव्हापासून? हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारला. पुढे ते कॅथॉलिक धर्माकडे परतले, उजवीकडे झुकले, आणि २०१२ साली वारले. व्हिएतकाँगचे स्वागत करणारा तो माणूस आणि हा माणूस एकच. १९६५ साली त्याला काढले असते तर तो हुतात्मा झाला असता. आणि हुतात्म्याच्या भक्तांना त्याने मत बदललेले खपत नाही. त्याच सुमारास येलमधून स्टॉटन लिंड गेले. तेही इतिहासाचेच अध्यापक. डिसेंबर १९६५ मध्ये सरकारचा मज्जाव धुडकावून हनोईस जाऊन आलेले. त्यांच्यासाठी कोणत्या गव्हर्नराने निवडणूक पणाला लावली नाही. येलने त्यांना कायम केले नाही, अन्य विद्यापीठांची दारे हळूच मिटत गेली, आणि अखेर कायदा शिकून ते ओहायोतल्या पोलाद-कामगारांचे वकील झाले. गाजलेल्या बडतर्फीपेक्षा ही न गाजणारी दारे अधिक माणसे गिळतात, हे कचेरीत बढतीची यादी पाहिलेल्या कोणासही समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर कोणी विचारील की, जेनोवीझ यांचे ते वाक्य तुम्हांस बरोबर वाटते काय? नाही. युद्ध अन्याय्य आहे असे म्हणणे निराळे, आणि दुसऱ्या पक्षाच्या विजयास ओवाळणे निराळे. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. त्यानंतर लाखो लोक तथाकथित सुधारणा-छावण्यांत कोंडले गेले, लाखो होड्यांत बसून समुद्रात निघाले, आणि त्यांतले कितीतरी बुडाले. त्या विजयात स्वागतार्ह काय होते ते आम्हांस दिसत नाही. पण चुकीच्या वाक्याला उत्तर वाक्यानेच देता येते. वेतन रोखून फक्त त्याचा पत्ता बदलतो.

आता मिठाविषयी शेवटचे. ज्या मराठी गद्याचा आम्ही या परक्या मुलुखात बसून अभिमान मिरवतो, ते कोणाच्या मिठावर वाढले? १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रे लिहिणारे लोकहितवादी सरकारी नोकर होते, आणि टोपणनाव घेऊनच लिहीत होते. १८७४ साली निबंधमाला निघाली तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते. पुढे त्यांची पुण्याहून रत्नागिरीस बदली झाली, आणि १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पण माला सुरू झाली ती राजीनाम्याच्या आधी पाच वर्षे! मिठाचे तत्त्व तेव्हा काटेकोर पाळले गेले असते, तर निबंधमालेचे बरेचसे अंक निघालेच नसते; आणि मिठाची बाजू घेऊन इतक्या ठसक्यात बोलण्यास आमच्या मित्रांना भाषा तरी कुठून मिळाली असती?

आमच्याच शहरात, २०१९ साली, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने आपल्या ४८ अध्यापकांवर आदल्या वर्षीच्या एका निदर्शनाबद्दल आरोपपत्रे बजावली, आणि त्यांना आधार म्हणून पुढे केले ते आम्हां कारकुनांसाठी केलेले वर्तननियम. तो वाद न्यायालयात गेला. त्या निदर्शनाच्या बऱ्यावाईटाविषयी आम्ही बोलणार नाही. नववा नियम आमच्या मेजाच्या काचेखाली आहे. आमचा अंगरखा आमच्या अंगास बेतलेला आहे आणि आम्ही तो निमूट घालतो, एवढेच सांगतो. तो अध्यापकांस बसतो की नाही हे ज्याने त्याने त्यांच्या अंगावर घालून पाहावे. आठव्या नियमाचीही आम्हांस आठवण आहे. त्यास अनुसरून येथे नमूद करतो की, प्रस्तुत लेखातील मते आमची स्वतःची आहेत, सरकारची नव्हेत.